घळीचं फाटक

धाराशिवच्या घळीला लोक आता बाग म्हणतात. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. बाग कुणीतरी लावावी लागते, तिला पाणी घालावं लागतं. आमची घळ कुणी लावली नव्हती आणि पाणी तीच आम्हाला देत होती.

शेवटच्या आळीतली घरं संपली, की दोन-चार शेतं ओलांडल्यावर जमीन एकदम फाटलेली होती. लांबून काहीच दिसायचं नाही. नुसता मुरमाड माळ आणि बोराटीची झुडपं. अगदी कडेला जाऊन वाकलं, म्हणजे खाली काळ्या दगडाच्या दोन उभ्या भिंती दिसायच्या आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उंबर, करंज, सीताफळी. तळाशी एका कपारीतून झरा यायचा. वैशाखात गावातल्या विहिरी तळ दाखवायच्या तेव्हाही तो करंगळीएवढा का होईना, वाहत असायचा. झऱ्याच्या वरच्या बाजूला शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या आसरा. पाण्याच्या बाया.

सकाळपासून दुपारपर्यंत घळ बायकांची. हे कुणी ठरवलं होतं माहीत नाही, पण तेवढ्या वेळात पुरुष तिकडं फिरकत नसत. धुणं, पाणी, आंघोळ, भांडणं, सगळं तिथंच. मुसलमान आळीतल्या बायका बुरखे काढून उंबराच्या फांदीला अडकवायच्या आणि आमच्यात येऊन बसायच्या. घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सुना तिथं गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून मोठमोठ्यानं हसायच्या. ते हसणं दोन्ही भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत यायचं. मी आत्याचं बोट धरून रोज जायची. मला वाटायचं, हसायला मिळावं म्हणूनच बायका एवढं धुणं डोक्यावर घेऊन खाली उतरतात.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि ही गळ्यातलं लिंग आणि एक पितळी तांब्या घेऊन माहेरी आली, ती कायमची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालावं ते तिनंच. सगळ्या आळ्यांतून तिला बोलावणं यायचं. सव्वा महिना झाला, की ती बाळंतिणीला घेऊन घळीत उतरायची. आसरांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात आणि मग बाळाच्या टाळूवर झऱ्याच्या पाण्याची चार बोटं. ते झाल्याशिवाय बाळंतीण घरातल्या पाण्याला शिवत नसे.

माझे वडील अर्जनवीस होते. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून, पुढ्यात लाकडी पेटी घेऊन ते बसायचे आणि लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. निजामाच्या राज्यात सरकारला दुसरी भाषा कळत नव्हती आणि रयतेला ती भाषा कळत नव्हती. शेतकरी यायचा, आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचा, आप्पा ते उजवीकडून डावीकडं उतरवायचे, मग शेतकरी अंगठा उठवून निघून जायचा. कागदावर काय लिहिलंय हे त्याला मरेपर्यंत कळणार नसायचं. आप्पांचा हात सुरेख होता, मोत्याच्या सरीसारखी अक्षरं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला अलिफ-बे शिकवलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना जुने अर्ज घडाघडा वाचून दाखवायची आणि ते पाहुण्यांसमोर मान डोलवायचे. मला त्यांचा फार अभिमान होता. आज हे लिहिताना दातावर दात बसतात, पण होता हे खरं.

लढाईची वर्षं होती. एका पावसाळ्यात घळीत उतरायच्या दगडी टप्प्यांची माती वाहून गेली आणि सातवा महिना लागलेली एक पोर डोक्यावरच्या घागरीसकट घसरली. ती वाचली, मूल गेलं. आत्या त्या घरून आली तेव्हा तिच्या हातांना अजून तेल होतं. ती तशीच आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"तू समद्या मुलखाचे अर्ज लिवतोस. आमचा बी एक लिव. सरकारला म्हणावं, घळीला पायऱ्या बांधून द्या."

आप्पा म्हणाले, "एकट्या बाईच्या अर्जाला कोण विचारतंय अक्का? सगळ्या बायकांचे अंगठे आणशील?"

"आणते की."

"मग कोऱ्या कागदांवर घे. मजकूर मी मागून जोडतो."

आत्या घरोघर गेली. शाईची गादी माझ्या हातात होती. श्रावणातल्या त्या चिखलात आम्ही आळ्या तुडवल्या. ज्या बायकांनी नवऱ्याशिवाय कधी कसला निर्णय घेतला नव्हता, त्यांनी दाराआडून हात बाहेर काढून अंगठे दिले. कुणी विचारलंच, "कशापायी गं?" तर आत्या म्हणायची, "पायऱ्यांसाठी. पुन्हा कुणी पडू नये म्हणून." तिच्या शब्दावर त्यांनी दिले. मला वाचता येत होतं. पण कागद कोरा होता, त्यात काय वाचणार?

वर्षभरानं गवंडी आले. पायऱ्या झाल्या, चांगल्या रुंद, घडीव दगडाच्या. आत्यानं सगळ्या बायकांना गूळ वाटला. पण गवंडी गेलेच नाहीत. पायऱ्यांनंतर घळीच्या कडेनं भिंत उठली. भिंतीनंतर पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं. खाली झुडपं तोडून मेंदीचं कुंपण लावलं, बाकं टाकली, झऱ्याभोवती चुनेगच्ची ओटा केला. फाटकावर एक म्हातारा चौकीदार आला. पहिल्या आठवड्यात त्यानं सांगितलं, धुणं बंद. महिन्यानं सांगितलं, बायकांनी फक्त गुरुवारी यायचं आणि घागरी आणायच्या नाहीत. जिल्ह्याचे मोठे साहेब आणि त्यांचे पाहुणे संध्याकाळी तिथं हवा खायला यायला लागले. गावातली चार बडी माणसंही त्यांच्या मागं मागं. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. बायकांना पाण्यासाठी आता उलट दिशेच्या मळ्यातल्या विहिरीवर जावं लागायचं, तिथला मालक रोज शिव्या घालायचा.

या सगळ्यात मी घळीकडं गेले नव्हते. मी पंधरा वर्षांची झाले होते, लुगडं नेसायला लागले होते, आणि आप्पांनी मला उंबऱ्याच्या आत केलं होतं. आप्पा स्वतः आता लिंबाखाली बसत नव्हते. त्यांना कचेरीच्या आत मुन्शीची खुर्ची मिळाली होती. घरात आम्ही त्याचे पेढे खाल्ले.

मग एका बाळंतिणीचा सव्वा महिना भरला. ती आमच्या शेजारच्या घरातली, पहिलटकरीण, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. तिनं हट्ट धरला म्हणून मला बरोबर जायला मिळालं. दिवस गुरुवारचाच होता, आत्यानं तो मुद्दाम धरला होता. दहीभाताची वाटी, बांगड्या, हळदकुंकू घेऊन आम्ही सात-आठ जणी फाटकाशी पोचलो, तर फाटक बंद.

चौकीदार बाहेर आला. आत्याला पाहून तो ओशाळला. तिनं त्याच्या सुनेला दोनदा न्हाऊ घातलं होतं.

"आपा, आज नक्को," तो म्हणाला. आपा म्हणजे थोरली बहीण, तो तिला तसंच म्हणायचा. "साहब के मेहमान आएले हैं. हुकूम नहीं."

"गुरुवार हाय न्हवं?"

"है. लेकिन आज नहीं."

खालून पाहुण्यांचं हसणं वर येत होतं, पुरुषांचं हसणं. कुणीतरी ग्रामोफोन लावला होता. बाळंतीण बाळाला पदराखाली घेऊन उन्हात उभी होती. आत्या फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. मी बाजूला पाहिलं. फाटकाच्या खांबात एक पांढरा दगड बसवला होता आणि त्यावर उर्दू अक्षरं कोरली होती.

आत्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "तुला येतंय की वाचाया. वाच. काय लिवलंय?"

मी आधी मनात वाचलं. मग मला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. वर मोठ्या अक्षरात होतं, बाग-ए-आम. म्हणजे सर्वांची बाग. त्याखाली लिहिलं होतं, की ही जागा उजाड, अस्वच्छ आणि बेवारस होती, आणि शहरातल्या औरतांनी स्वतः दरख्वास्त दिल्यावरून सरकारनं ती ताब्यात घेऊन तिची बाग केली आहे.

"काय गं? बोल की."

मला खोटं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर आत्या कदाचित सुखानं जगली असती, असं माझी आई पुढं पुष्कळदा म्हणाली. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. बेवारस या शब्दाशी माझी जीभ अडखळली.

"औरतांनी म्हंजी?"

"बायकांनी. आपण. ते अंगठे घेतले होते ना..."

आत्यानं गज सोडले. चौकीदारानं मान खाली घातली. तो म्हणाला, "सच है आपा. ऐसाच लिखा है."

एवढ्यात आप्पा धापा टाकत आले. कचेरीत कुणीतरी सांगितलं होतं, की तुमच्या घरच्या बायका फाटकावर तमाशा करतायत. खालून साहेबांचा एक कारकूनही वर आला होता. आप्पांनी आधी त्याला लवून सलाम केला. मग आत्याकडं बोट केलं आणि म्हणाले, उर्दूत, "ही माझी बहीण. माफ करा हुजूर. नवऱ्यानं टाकल्यापासून डोक्यानं अधू आहे."

चौकीदाराची बोली आत्याला कळायची, पण आप्पांची ही कचेरीतली उर्दू कळणारी माणसं तिथं तीनच. कारकून, चौकीदार आणि मी. पण आत्यानं त्यांचं बोट पाहिलं आणि कारकुनाचा चेहरा पाहिला. वाटेत तिनं मला विचारलं आणि तेही मी सांगितलं.

बाळंतीण पूजा न करता परतली. पोराला त्याच रात्री ताप भरला आणि तिची सासू आमच्या दारात येऊन आत्याला वाटेल ते बोलून गेली. ताप दोन दिवसांनी उतरला. शब्द कोण परत घेणार?

फाटकावरच्या त्या दिवशी संध्याकाळी आप्पा घरी आले, पाय धुऊन पाटावर बसले. आत्या ताट घेऊन आली नाही, नुसती आली.

"काय लिवलं हुतंस त्या कागदात?"

आप्पा शांत होते. मला त्यांच्या त्या शांतपणाचाच सगळ्यात जास्त संताप येतो. "पायऱ्या पाहिजे होत्या ना तुला? मिळाल्या की. सरकार असं रयतेच्या मागण्यानं काही देत नसतं अक्का. सरकारला जे पाहिजे असतं, ते आपण मागायचं. त्यात आपलं थोडं घुसडायचं. साहेबांना बागेसाठी जागा पाहिजे होती. रयतेचा अर्ज आला तर वरून मंजुरी लवकर येते. मी दोन्ही कामं एका कागदात केली."

"आन् तुझं काम? ते बी त्यातच केलंस न्हवं?"

"मी काय स्वतःसाठी करतो? हे घर कशावर चालतं?"

"मला येडी म्हनलास."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. कुणी सांगितलं असेल हे त्यांना लगेच कळलं. "तसं म्हटलं नसतं तर तुला ठाण्यात नेलं असतं," ते म्हणाले. "तुला वाचवायला म्हटलं."

"साकु," आत्या म्हणाली. आमच्या लिंगायत घरात राग अनावर झाला, की जुनी कानडी बाहेर यायची. पुरे. तेवढंच बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा घरोघर फिरली. ज्या ज्या दारातून अंगठा घेतला होता, त्या त्या दारात जाऊन तिनं सांगितलं, "म्या फसले आन् तुमाला बी फसवलं. तुमच्या अंगठ्यावर त्यांनी घळ घेतली." काहींनी तिच्या तोंडावर दार लावलं. एका घरात नवऱ्यानं बायकोला मारलं, न विचारता अंगठा दिलास म्हणून. त्या मारानं तो काय मिळवणार होता देव जाणे. पण बऱ्याच जणींनी ऐकून घेतलं. मी बरोबर असायची. आप्पा मनाई करत होते, पण दिवसभर ते कचेरीत असायचे आणि आई आमच्यामागं दार लोटून घ्यायची.

पुढच्या गुरुवारीही फाटक बंदच ठेवायचा हुकूम होता. त्या दिवशी सकाळी आम्ही पंचवीसेक जणी घळीच्या पलीकडच्या अंगाला जमलो. तिकडं भिंत घातली नव्हती, कारण तिकडून माणूस उतरू शकत नाही असं सरकारला वाटत होतं. मोहोळ काढणारे उतरायचे. खडकात त्यांनी पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या केल्या होत्या. आत्यानं बाळाला पाठीशी बांधलं आणि सगळ्यांच्या आधी उतरली. तिच्या मागं बाळंतीण. मी मधे होते. खडक तापायला लागला होता, वर आग्या मोहोळाची गुणगुण ऐकू येत होती. एकीचं लुगडं करवंदीला अडकून फाटलं, ती तशीच उतरली. मुसलमान आळीतल्याही चौघी आमच्यात होत्या. बुरखे त्यांनी वरच ठेवले, दगडाखाली.

तळाशी पोचल्यावर पहिल्यांदा आम्ही फक्त पाणी प्यालो. ओट्यामुळं झरा एका लोखंडी नळीतून पडत होता. आसरांचे दगड जागेवर होते, पण त्यांच्यावर चुना फासला होता. आत्यानं नखांनी चुना खरवडला, शेंदूर लावला, बाळंतिणीच्या हातून सगळं यथासांग करून घेतलं. बाळाच्या टाळूवर पाणी घातलं, ते किंचाळलं, आणि त्या आवाजावर कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या.

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. एकीनं फाटलेलं लुगडं धुवायला घेतलं. मग दुसरीनं काही काढलं. बघता बघता ओट्यावर धुण्याची आपटाआपट सुरू झाली. वाळत घालायला जागा कुठं? साहेबांच्या मेंदीच्या कुंपणावर. हिरवी, लाल लुगडी, काळी चंद्रकळा, परकर, बाळाची दुपटी, सगळं त्या कातरलेल्या मेंदीवर पसरलं गेलं. दहा वाजता साहेबांची मंडळी पायऱ्यांनी खाली आली तेव्हा त्यांची बाग अशी दिसत होती. त्या माणसांच्या चेहऱ्यांची आठवण आली, की मला आजही बरं वाटतं.

ठाण्याचा अमीन आला, शिपाई आले. "कुणी आणलं यांना?" असं अमीनानं विचारल्यावर आत्या पुढं झाली. "म्या आणलं समद्यांना." तिला ठाण्यात नेलं. बाकीच्यांना ओली लुगडी अंगावर फेकून हाकलून दिलं.

आप्पांनी रात्री बसून माफीनामा लिहिला. सकाळी ते ठाण्यात गेले, तेव्हा भाकरी घेऊन मीही गेले. आत्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आप्पांनी कागद आणि शाईची गादी तिच्यापुढं ठेवली.

"अंगठा दे अक्का. घरी चल."

"काय लिवलंय?"

"चुकलं म्हणून लिहिलंय. दुसरं काय लिहिणार?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कागद उचलला, वाचला. त्यात लिहिलं होतं, की ही बाई वेडसर असून तिच्या हातून वेडाच्या भरात हे घडलं. मी वाचून दाखवायला तोंड उघडलं, तर आप्पांनी माझ्या हातातून कागद हिसकावला. मला वाचायला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "तुझ्या कागदाला आता माझा अंगठा लागायचा न्हाय. बसते म्या हितंच."

ती दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी चौकीदार स्वतः अमिनासमोर गेला आणि म्हणाला, की बायका कड्यावरून उतरल्या नाहीत, फाटकातून आल्या. गुरुवार होता म्हणून फाटक मीच उघडं ठेवलं होतं. हे धादांत खोटं होतं. पण मग गुन्हा बायकांचा उरला नाही. आत्याला सोडलं आणि त्या म्हाताऱ्याची नोकरी गेली. आप्पा कचेरीत होते, त्यांच्या खुर्चीवरूनच त्याच्या बडतर्फीचा कागद पुढं गेला. त्यांनी एक शब्द काढला नाही.

आत्या आमच्या घरी परत आलीच नाही. त्याच बाळंतिणीच्या सासूनं, जिनं तिला वाटेल ते बोलून घेतलं होतं, तिला आपल्या घरातली मागची खोली दिली.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. रझाकारांचे दिवस, लोक अंधार पडायच्या आत दारं लावून घ्यायचे. कितीतरी घरं बार्शीकडं, हद्दीपलीकडं निघून गेली. घळीचं फाटक तर कायमचंच बंद झालं. मग भादव्यात भारताच्या फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गावात गुलाल उधळला. त्याच आठवड्यात मुसलमान आळीत काय काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण नंतर आत्याबरोबर चौकीदाराच्या घरी गेले, तर घराला दाराची चौकटसुद्धा उरली नव्हती. चुलीजवळ एक फुटकी सुरई पडली होती. कोण कुठं गेलं, कुणी सांगेना. शेजारी आमच्या नजरेला नजर देत नव्हते. आत्या त्या उघड्या दारात बसली आणि मी तिला उठवू शकले नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी घळीचं फाटक तोडायचा समारंभ झाला. हो, समारंभच. ताशे होते. आणि सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर पांढरी टोपी घालून, माझे वडील. खांबातला तो पांढरा दगड परक्या राज्याची निशाणी म्हणून फोडायचा ठरला होता. पहिला घण त्यांना मान म्हणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून नेमका अक्षरांवर घातला. मग बाकावर उभे राहून त्यांनी भाषण केलं. घळीसाठी आपल्या घरानं किती सोसलं, आपल्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगवास कसा पत्करला, हे सांगताना ते उपरण्यानं डोळे टिपत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी सतरा वर्षांची होते. मी ओरडले, "आप्पा, तो अर्ज तुम्ही लिहिला होता!" माझा आवाज ताशात बुडाला असं लोक म्हणतील. बुडाला नव्हता. पुढच्या दोन-तीन रांगांनी ऐकला. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. माहीत सगळ्यांनाच होतं.

घरी आल्यावर आप्पांनी मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं. महिन्याभरात माझं लग्न ईट गावच्या एका शेतकरी घरात ठरवलं. घर चांगलं निघालं, तो त्यांच्या पुण्याईचा भाग म्हणावा तर म्हणावा.

दीड वर्षानं मी बाळंतपणाला धाराशिवला आले आणि हट्टानं आत्याच्या खोलीत उतरले. मुलगी झाली. आत्यानं तिला आणि मला न्हाऊ घातलं. सव्वा महिना भरायला आला तेव्हा आप्पा स्वतः त्या खोलीच्या दाराशी आले. घळीची आता एक कमिटी झाली होती आणि ते तिचे अध्यक्ष होते. नवं फाटक बसलं होतं, लाकडी. त्यावर मराठीत पाटी होती, धुणे धुण्यास सक्त मनाई आहे. अक्षर आप्पांचंच, तेही तितकंच सुरेख.

"तुझ्यासाठी दिवसभर बाग उघडी ठेवायला सांगितलंय," ते मला म्हणाले.

"मी येणार नाही. तुम्ही उघडलेल्या फाटकातून तर नाहीच नाही."

पण आत्या उठली. तिनं वाटीत दहीभात घेतला, मुलीला दुपट्यात गुंडाळलं. "त्यो कोन उघडणार?" ती म्हणाली. "आसरा त्याच्या व्हय? पोरीला पाणी लावायचंय. चल."

मी फाटकापर्यंत गेले. आत्या माझ्या मुलीला घेऊन पाटीकडं न बघता आत गेली आणि पायऱ्या उतरायला लागली. तिला तसं जाता आलं. मला आत पाऊल टाकवेना. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले आणि शेजारी आप्पा येऊन उभे राहिले. 

ते म्हणाले, "मी नसता लिहिला तो अर्ज, तर दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता."

"मग दुसऱ्यानं लिहायचा होता."

"तुला जग कळत नाही अजून."

"तिला वेडी म्हणालात, ते कुणाच्या वतीनं? तेही दुसऱ्या कुणीतरी म्हटलंच असतं का?"

त्यांनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला, पुन्हा घातली, आणि कमिटीचं काम आहे असं म्हणून गावाकडं चालायला लागले. मी त्यांना हाक मारली नाही.

त्यानंतरही ते पुष्कळ वर्षं जगले. मी दिवाळीला, संक्रांतीला माहेरी जायची, आत्याकडं उतरायची आणि आईला तिथंच भेटायला बोलवायची. गावात लोक त्यांना फार मानत. त्यांच्याबद्दल माझ्यापाशी चांगलं बोलायला कुणी आलं, की मी ऐकून घ्यायची आणि उठून आत जायची.